दर्जा

परांची चढताना थर मोजायची सवय आहे मला.
आज एकशे बारा भरले
आणि बुरुजाचा गळा हाताशी आला.

बुरूज, म्हणायचं म्हणून.
याच्यावर कधी तोफ चढली नाही, पहारा बसला नाही.
सफोकच्या सपाट ओल्या शेतांमधून
कोण चालून येणार होतं, मेंढ्या?
लोकरीत पैसा केलेल्या कुणा गृहस्थाला वाटलं,
पाहुण्याला लांबूनच आपला लाल रंग दिसावा.
म्हणून कुंपणाच्या चार कोपऱ्यांत चार,
आठकोनी, आतून पोकळ.
एकात माळी सफरचंदं ठेवायचा. एकात कुदळी.

विटा मात्र खऱ्या.
माती इथलीच, पायांनी तुडवलेली;
तिच्या खड्ड्याचं पुढे तळं झालं.
भट्टीच्या तोंडाशी होत्या त्या जळून निळ्या-काळ्या पडल्या,
त्यांचीच भिंतभर चौकटींची नक्षी.
करपलेलं इतकं मिरवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मी दर्जा भरते. त्याआधी जुन्या उकरते.
छिन्नीखाली येतं ते सिमेंट सदुसष्ट सालचं,
क्लेमंट थर्कटल आणि सहकारी.
सहकारी म्हणजे एक हातगाडी.
क्लेमंट माझा बाप.

तेव्हा सगळेच सिमेंट भरत.
पोतं स्वस्त, दोन दिवसांत दगड.
बाबा छाती काढून सांगायचा, आता हे हलत नाही.
हललं नाहीच.
भिंत पाऊस पिते, आणि तो तिला
सांध्यातून बाहेर टाकायचा असतो.
सांधा अडून बसला.
पाणी विटेत राहिलं, विटेतच गोठलं,
जानेवारीमागून जानेवारी
विटांचे चेहरे सुटून खाली पडत गेले,
पेअरच्या मुळाशी, लाल भुकटी.

सांधा विटेहून मऊ असावा लागतो.
झिजायचं ते त्यानं.
हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं,
कॉलेजात, चुन्याच्या बादलीसमोर.
बाबाला कुणी शिकवलं नव्हतं.
घरी येऊन मी त्याला सुनावलं, चढ्या आवाजात.
त्यानं चहात साखर ढवळली.
बराच वेळ ढवळली.

आता तो लोवस्टॉफ्टला, समुद्राकडच्या खोलीत.
मला आईच्या नावानं हाक मारतो.
चादरीवरून तळहात फिरवत नेतो
आणि कड आली की मनगट वळवून
जादा माल काढून टाकतो.

बुरुजाच्या गळ्याशी एक निरुंद कट्टा आहे,
विटा तिथं उताण्या मांडलेल्या.
ईशान्येच्या कोनातल्या विटेवर कुत्र्याचा पंजा.
ओल्या विटा वाळत घातल्या असतील, कुत्रं धावलं असेल,
कुणी शिवी हासडली असेल,
मग म्हटलं असेल, लाव वर, कोण बघतंय.
चार बोटं, गादी, नखांची टोकं.
पाचशे हिवाळे झाले.

तिच्या चारी बाजूंनी बाबाचं सिमेंट.
एरवी त्याचा हात सढळ:
विटांवर ओघळ, अंगठ्यानं सारवलेलं, फटकारे.
इथं मात्र सरळ रेघ.
पंजावर थेंब नाही.
कडेला ओल्या चिंधीनं पुसल्याचे वळसे.
म्हणजे इथं, इतक्या उंचावर,
तो गुडघे टेकून बसला होता.
घरी कधी बोलला नाही.

मी छिन्नी खाली ठेवली.
मग उचलली. वीट वाचायची तर काढायलाच हवं होतं.
चार सांध्यांत सबंध दुपार गेली.
खालून मिस पेटिग्रूंनी विचारलं,
काही सापडलं का?
कुत्रं, म्हटलं.

चुना भरून झाला. त्याला घाई नसते.
रात्री दव गोठणार म्हणतात,
गोणपाट ओलं करून पांघरलं, कडेला विटा ठेवल्या.

शनिवारी मातीचा एक गोळा घेऊन वर जाईन,
दाबून ठसा घेईन.
उलटा येईल,
बोटं फुगीर, वर आलेली,
तळहाताखाली लागतील अशी.